आठवड्यांचा हिशेब आणि वारीचा नेम



वर्षाचे आठवडे किती, असे विचारले तर शाळेतले पोरही 'बावन्न' म्हणून सांगते. पण बावन्नास सातांनी गुणले म्हणजे ३६४ होतात आणि वर्ष तर ३६५ दिवसांचे. एक दिवस उरला. लीप वर्ष असले तर दोन उरले. हा उरलेला दिवस कोणत्या आठवड्याच्या पदरात घालावयाचा, याचा विचार आजच्या पाठात करू.

वारकऱ्याला हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. तर त्याचे कारण असे की, आपल्या कोल्हापूर भागातले कित्येक माळकरी आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथल्या कारखान्यांत कामाला आहेत. काही कारखान्यांत कामाचा आराखडा 'अमुक क्रमांकाचा आठवडा' असा आखतात. घरी पंचांग तिथी सांगते, कामावर कागद आठवडा सांगतो. या दोहोंचा मेळ बसला नाही तर रजा एका आठवड्याची मिळते आणि एकादशी दुसऱ्यातच निघून जाते. मग वर्षभर सांभाळलेली वारी चुकते. म्हणून हा हिशेब समजून घेतला पाहिजे.

प्रथम शब्दच पाहा. दिवस सात, पण आपण म्हणतो 'आठवडा'. लक्ष्मीपुरीचा बाजार रविवारी भरतो. या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत दोन्ही टोके धरून मोजा, आठ भरतील. 'आठ दिवसांनी या' असे आपण म्हणतो, तेव्हा मनात हीच मोजणी असते. अखंड हरिनाम सप्ताहातही सात दिवस वीणेचा पहारा चालतो आणि आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. आरंभाचा वार तोच काल्याचा वार. व्रताचेही तसेच. कोणी सात गुरुवार धरले तर पहिल्यापासून सातव्यापर्यंत त्रेचाळीसच दिवस होतात, एकोणपन्नास नव्हेत. टोके धरावयाची की मधले अंतर मोजावयाचे, हे आधी ठरवले म्हणजे निम्मे वाद मिटतात.

आता वारांचा क्रम. जुन्या ज्योतिषात ग्रहांची रांग अशी लावतात: शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस होरे. प्रत्येक होऱ्याला या रांगेतला एकेक स्वामी. पहिल्या होऱ्याचा जो स्वामी, त्याचे नाव त्या दिवसाला. शनिवारी पहिला होरा शनीचा धरून चोवीस मोजा. पंचविसावा रवीचा येतो, म्हणून शनिवारानंतर रविवार. रवीपासून तसेच मोजले की सोमवार. बोटांवर करून पाहावे, चूक निघणार नाही.

वाराचा उल्लेख असलेल्या आपल्या देशातल्या जुन्यांत जुन्या लेखांत मध्य प्रदेशातील एरण येथल्या स्तंभलेखाची गणना होते. तो गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळचा, गुप्त संवत् १६५ चा, म्हणजे इसवी सन ४८४ चा आहे. तो स्तंभ भगवान् जनार्दनाचा ध्वजस्तंभ, आणि त्यावरची मिती आहे आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार! आषाढी एकादशीचा उपवास सोडावयाची ती बारस. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या दगडावर तिथी आणि वार असे दोघेही शेजारी शेजारी बसले आहेत. ही जोडी लक्षात ठेवावी. पुढे तिचेच काम आहे.

वारांची ही साखळी राजांनी आणि धर्मगुरूंनी पंचांगे बदलली तरी तुटलेली नाही. १५८२ साली रोमच्या पोपने तारखांतले दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आली. पण ४ तारखेला गुरुवार होता आणि १५ ला शुक्रवारच धरला. इंग्रजांनी हीच सुधारणा १७५२ साली केली, तेव्हा २ सप्टेंबर बुधवार आणि लगेच १४ सप्टेंबर गुरुवार. तारखा उडाल्या, वार उडाला नाही.

एकदा मात्र साखळी तुटण्याचा प्रसंग आला होता. दरवर्षी तीच तारीख त्याच वारी यावी म्हणून 'जागतिक पंचांगा'ची एक योजना निघाली. तीत ३६४ दिवसांचे बावन्न आठवडे पक्के धरून वर्षअखेरचा उरलेला दिवस बिनवाराचा ठेवावयाचा होता. लीप वर्षात असे दोन दिवस. भारत सरकारने १९५३ साली ही योजना संयुक्त राष्ट्रसंघापुढे विचाराला ठेवली आणि डॉ. मेघनाद साहा यांनी तिचा पुरस्कार केला. व्यापाराला, हिशेबाला ती सोयीचीच होती. परंतु बिनवाराचा दिवस आला की खरा सातवा दिवस दरवर्षी एक घर सरकणार, म्हणून अनेक धर्मांच्या लोकांनी विरोध केला. १९५६ साली ती बेमुदत पुढे ढकलली गेली. ती अमलात आली असती तर आपल्या जोतिबाचा रविवार, अंबाबाईचा शुक्रवार आणि विठोबाचा म्हणून मानलेला बुधवार यांची मोजणी दरवर्षी निराळी पडली असती. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. तो रविवारही मग नावाचाच राहिला असता.

मग उरलेल्या दिवसाचे काय करतात? आठवडा तोडावयाचा नाही, वर्षाची वेसच पुढे-मागे करावयाची, असा तोडगा निघाला. आज बहुतेक मोठ्या उद्योगांत जी आंतरराष्ट्रीय रीत चालते ती अशी: आठवडा सोमवारी सुरू, रविवारी पुरा. ज्या आठवड्यात जानेवारीचा पहिला गुरुवार येतो तो वर्षाचा पहिला. दुसरी सोपी खूण म्हणजे ४ जानेवारी ज्यात असेल तो पहिला. गुरुवार हा सोमवार ते रविवार यांच्या बरोबर मधला. तो ज्या वर्षात पडला, त्या वर्षात त्या आठवड्याचे निदान चार दिवस येतातच. जिकडे जास्त दिवस, तिकडे आठवडा.

हे आपल्याला परके वाटू नये. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो आपण अधिक धरतो. तिथे संक्रांत निवाडा करते, इथे गुरुवार. आणि जसा अधिक मास, तसा इथे त्रेपन्नावा आठवडा. चारशे वर्षांचे दिवस १,४६,०९७. त्यांचे बरोबर २०,८७१ आठवडे होतात, एकही दिवस उरत नाही. बावन्नच्या हिशेबाने २०,८०० झाले. राहिलेले ७१ आठवडे ७१ वर्षांत एकेक करून वाटले जातात. २०२० साल तसे होते, २०२६ तसे आहे. २०२६ चा पहिला आठवडा २९ डिसेंबर २०२५ ला सुरू होतो आणि त्रेपन्नावा ३ जानेवारी २०२७ ला संपतो. त्याच २०२६ सालात आपला अधिक ज्येष्ठही येतो. आमच्या पंचांगाने महिना वाढवला, त्यांच्या कागदाने आठवडा!

आता मुख्य मुद्दा. या आठवड्यांच्या कागदावर आषाढी कोठे बसते? २०२३ साली ती २९ जूनला, गुरुवारी, सव्विसाव्या आठवड्यात होती. २०२४ साली १७ जुलै, बुधवार, एकोणतिसावा. २०२५ साली ६ जुलै, रविवार, सत्ताविसावा. २०२६ साली २५ जुलै, शनिवार, तिसावा. एका आषाढीपासून दुसरीपर्यंत कधी ३५४ दिवस, अधिक मास मधे आला तर ३८४. यांतला एकही आकडा सातांनी निःशेष भागला जात नाही. म्हणून 'गेल्या साली अमुक आठवड्यात गेलो, औंदाही त्यातच जाऊ' असे म्हणणारा फसणारच.

आणखी एक मेख आहे. सगळीकडे सोमवारपासूनच मोजतात असे नाही. अमेरिकेच्या रीतीत आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्यात असेल तोच पहिला. या रीतीने ६ जुलै २०२५ ची आषाढी अठ्ठाविसाव्या आठवड्यात पडते, पहिल्या रीतीने सत्ताविसाव्यात. एकादशी एकच, आकडे दोन. साहेबाने सत्ताविसावा म्हटले आणि आपण अठ्ठाविसावा समजलो, की नंदवाळची दिंडीसुद्धा हातची गेली, मग पंढरीचे नावच कशाला!

वार बदलण्याची वेळही निराळी. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, कारखान्याचा मध्यरात्री. हरिजागरात बारा वाजून गेले तरी टाळकऱ्यांचा वार पालटत नाही; रात्रपाळीच्या हजेरीत मात्र पालटलेला असतो. रजेच्या अर्जात हे ध्यानात ठेवावे.

सबब आमचे सांगणे इतकेच. नवे पंचांग घरी आले की आधी आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्या पाहाव्यात आणि महिन्याची वारी असेल तर प्रत्येक शुद्ध एकादशी. तिथीसमोर तारीख लिहावी, तारखेसमोर वार, आणि कामावर लागत असेल तरच शेवटी आठवड्याचा क्रमांक. अर्जात नुसता आठवडा कधी लिहू नये, तारीख लिहावी. भजनी मंडळाच्या वहीतही तिथी, वार, तारीख अशी तिन्ही असावीत. पुढच्या पिढीला कोडे पडणार नाही.

आठवडा मोजून पगार मिळतो, तिथी धरून वारी घडते. प्रपंच करणाऱ्या वारकऱ्याला दोन्ही हवेत. एरणच्या स्तंभावर ती दोन्ही एका ओळीने नांदतात. आपल्या घरच्या भिंतीवरही तशीच नांदावीत. आठवडा चुकला तर पुढच्या सोमवारी दुसरा येतो, पण चुकलेली आषाढी पुन्हा यायला अख्खे वर्ष जावे लागते.

रामकृष्ण हरि!