जुन्या ऐरणीस अवजार बसवताना

प्रश्न : इंग्लंडातील डडली येथील पीटर राइट बनावटीची जुनी ऐरण मजकडे आली आहे. तिच्या चौकोनी छिद्रात बाजारची छिन्नी डुगडुगते. पाचर ठोकावी काय?

उत्तर : पाचर कदापि ठोकू नये. या ऐरणींचे अंग घडीव लोखंडाचे असून वरचा पोलादी थर तापवून, ठोकून सांधलेला असतो. आणि छिद्र टोकाकडील बारीक भागात असल्यामुळे पाचरीचा ताण तेथेच तडा पाडण्यास कारण होतो. जुनी छिद्रे क्वचितच नेमकी चौरस असतात. सबब फूटपट्टीवर न विसंबता मऊ लाकडाचा ठोकळा तासून, तो छिद्रात उतरवून नमुना करावा. मग साध्या सौम्य पोलादाचा दांडा त्याबरहुकूम किंचित बारीक घडवावा, लाल असतानाच हलक्या हाताने छिद्रात बसवून तत्काळ काढावा, आणि निवाल्यावर कानशीने इतका उतरवावा की तो बोटांनी सहज निघेल. कारण घावाचा भार अवजाराच्या खांद्याने ऐरणीच्या पृष्ठावर टेकवायचा असतो, दांड्याने छिद्रात नव्हे. कोणती बाजू कोठे, याची खूण अवश्य करावी.

बाजारच्या छिन्नीस पातळ पत्र्याचे अस्तर पुरते. मात्र छिद्रच कानशीने वाढवून चौरस करू नये, ही आपणांस आग्रहाची विनंती आहे.