हातांतील खेळयंत्र आणि मराठी पुस्तक

विद्यार्थिमित्रहो, कोणतेंहि यंत्र स्वतः भलें किंवा बुरें नसतें. तें ज्याच्या हातीं पडतें त्याच्या हेतूप्रमाणें तें वागतें. खेळण्यासाठीं घेतलेलें लहानसें यंत्र पुस्तक वाचण्यासाठीं वापरावें, अशी इच्छा कित्येक मुलांस होते, व ती स्तुत्यच आहे. परंतु त्यासाठीं जें कार्ड यंत्रांत घालावें लागतें तें कसें पारखावें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तोच येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल निन्टेन्डो डीएस हें यंत्र घेऊं. तें २००४ सालीं बाजारांत आलें. त्याचें उत्पादन आतां बंद झालें आहे, तरी जुनीं यंत्रें अद्यापि हातोहात फिरतात. त्यास दोन पडदे असून प्रत्येकावर आडवे २५६ व उभे १९२ बिंदू असतात. खेळाची जी वडी त्यांत घालतात, तिला आपल्याकडील मुलें 'कॅसेट' म्हणतात. फ्लॅश कार्ड म्हणजे त्याच आकाराची, परंतु आंत मायक्रोएसडी बसविण्याची सोय असलेली वडी होय. त्या मायक्रोएसडीवर आपण आपलें पुस्तक भरावयाचें व वाचनाच्या प्रोग्रॅमनें तें उघडावयाचें, अशी ही रीति आहे.

आमच्या घरीं असें एक यंत्र आलें, तेव्हां आम्हींहि प्रथम 'किती जी. बी. चें?' एवढेंच विचारलें. कार्ड चाललें, मराठी पुस्तकहि उघडलें. कांहीं दिवसांनीं आमच्या लहान पुतण्याच्या वहींत 'शिक्षण' हा शब्द 'शकिषण' असा लिहिलेला आढळला. रागें भरण्यापूर्वीं आम्हीं यंत्र उघडून पाहिलें, तों त्यावर तो शब्द तसाच दिसत होता! मुलानें चूक केली नव्हती. जें पुढें आलें तें त्यानें प्रामाणिकपणें उतरून घेतलें होतें.

असें कां व्हावें? यंत्र अक्षरें सांठवीत नाहीं, अंक सांठवितें. 'शिक्षण' या शब्दाचे सहा वर्ण होतात: श, ऱ्हस्व वेलांटी, क, पाय मोडण्याची खूण, ष आणि ण. वेलांटी आपण उच्चारतों 'श' नंतर, म्हणून ती सांठविली जाते 'श' नंतर. परंतु लिहितों मात्र 'श' च्या आधीं. क, मोडका पाय व ष हे तिघे मिळून 'क्ष' हें एकच रूप घेतात. ही उलटापालट व हा संयोग ज्या प्रोग्रॅमला ठाऊक नाहीं, तो सहा खुणा ओळीनें मांडून मोकळा होतो, आणि वेलांटी शेजारच्या 'क' वर जाऊन बसते. रोमन लिपीचीं अक्षरें एकापुढें एक ठेविलीं कीं काम भागतें. आपल्या लिपीचें तसें भागत नाहीं.

ही अडचण नवी नाहीं, आणि तिच्या परिहाराशीं आपल्या पुण्याचा निकट संबंध आहे. कानपूर येथील आय. आय. टी. मध्यें प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखालीं जें संशोधन झालें, त्यांतून 'जिस्ट' हें तंत्र निघालें. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें तें पुढें वाढविलें. जिस्टचें कार्ड संगणकांत बसविलें म्हणजे इंग्रजीपुरत्याच बनविलेल्या यंत्रावर देवनागरी अक्षरें शुद्ध दिसूं लागत. भारतीय लिप्यांच्या संकेतांचें 'इस्की' हें प्रमाण १९९१ सालीं ठरलें. कार्डाची थोरवी त्याच्या सांठ्यांत नसून त्याच्या अक्षरज्ञानांत असते, हा धडा पुणेकरांस तेव्हांच मिळाला होता.

आतां निवड कशी करावी तें क्रमानें सांगतों. प्रथम यंत्राची खांच पाहावी. डीएस व डीएस लाइट यांस दोन खांचा आहेत. २००८ सालच्या डीएसआयला मोठी खांच नाहीं, म्हणून त्या खांचेचें कार्ड तेथें निरुपयोगी. दुसरें, जुन्या धर्तीच्या कार्डांस २ जी. बी. पर्यंतचीच मायक्रोएसडी मानवते; मोठी हवी असल्यास कार्ड एसडीएचसी जातीची स्वीकारतें कीं काय, तें विचारावें. वास्तविक एवढ्या जागेचीहि गरज नाहीं. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या एका वर्णास तीन बाइट लागतात. दोन लक्ष वर्णांचें पुस्तक सहा लक्ष बाइटांत मावतें, म्हणजे २ जी. बी. मध्यें तीन सहस्रांहून अधिक पुस्तकें राहतील. तिसरें, डीएलडीआय नांवाची सोय कार्डास असावी. तिच्यायोगें वाचनाच्या प्रोग्रॅमला कार्डावरील पुस्तकें सांपडतात. चौथें व मुख्य हें कीं, पैसे देण्यापूर्वीं 'शिक्षण', 'कीर्ति', 'ज्ञान' व 'राष्ट्र' हे चार शब्द पडद्यावर उघडून पाहावे.

या परीक्षेंत प्रोग्रॅम नापास झाला तरी निराश होऊं नये. घरच्या संगणकावर पुस्तकाचीं पानें पडद्याच्या मापाचीं चित्रें करून घ्यावीं. काळ्या-पांढऱ्या अशा एका चित्रास सुमारें सहा सहस्र बाइट पुरतात. पांचशें चित्रें तीस लक्ष बाइटांत बसतात. चित्रांत शब्द शोधतां येत नाहीं, हें खरें. पण जोडाक्षर मोडत नाहीं. आम्हीं शेवटीं हाच मार्ग पत्करला.

एक गोष्ट सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. हीं कार्डें खेळांच्या चोरट्या प्रती चालविण्यासाठींहि वापरलीं गेलीं, आणि २००९ सालीं टोकियो येथील न्यायालयानें तशा कांहीं कार्डांची आयात व विक्री थांबविली. म्हणून कार्ड घेण्यापूर्वीं कायदा पाहावा, आणि त्यांत भरावयाचीं पुस्तकेंहि निर्मळ असावीं. आपल्या देशांत ग्रंथकाराच्या निधनानंतर साठ वर्षांनीं त्याचे ग्रंथ सर्वांस मोकळे होतात. हरिभाऊ आपटे १९१९ सालीं वारले. त्यांच्या कादंबऱ्या आपणांस निःशंकपणें वाचतां येतील.

आमच्या पुतण्यानें वहींतला तो शब्द आतां सुधारला आहे. परंतु लहान मूल पुढें येणाऱ्या अक्षरावर विश्वास ठेवितें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. तेव्हां मित्रहो, धाकट्या भावंडाच्या हातीं यंत्र देण्यापूर्वीं त्यांतील एक पान स्वतः वाचून पाहा. तें शुद्ध असेल, तरच तें त्याच्या हातीं द्या.