ड्रोनवरची उंची : आकडा किती खरा?



उसावर ड्रोनने फवारणी करून देणारी मंडळी आता गटागटांत फिरू लागली आहेत. "पिकावर अमुक मीटरवरून उडवतो," असे पडद्याकडे बोट दाखवून सांगतात आणि आपण मान डोलावतो. तो आकडा येतो कुठून, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. कळले ते श्रीवर्धनला. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळात तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. नव्या लागणी कशा केल्या ते बघायला आम्ही काही सभासद गेलो होतो.

एका सभासदाच्या चिरंजिवांनी लहान ड्रोन बरोबर आणला होता. दुपारी साडेबाराला त्यांनी तो अंगणात ठेवून चालू केला. पडद्यावर शून्य. तेवढ्यात जेवायची हाक आली. अर्ध्या तासाने येऊन बघतो तर ड्रोन जागचा हललेला नाही, पण पडद्यावर उंची ३ मीटर! पोरगा म्हणाला, "बिघडला." पण तो बिघडला नव्हता.

गंमत अशी, की ड्रोन उंची मोजतच नाही. त्याच्या पोटात एक चिमुकला वायुभारमापक असतो. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. समुद्राजवळ दर साडेआठ मीटरला साधारण १ मिलिबार. युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये १६४८ साली पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी डोंगरावर नेली, तेव्हा वर पारा खाली आलेला दिसला. ड्रोन तेच करतो आणि उरलेला हिशेब मांडतो. आता दाब दुसऱ्याच कारणाने उतरला तरी त्या बिचाऱ्याला वाटते, आपण चढलो!

आणि दाब तर रोज उतरतो. समुद्रासारखी हवेलाही भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास दाब जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी, रात्री पुन्हा तसेच. आपल्याकडे हा फरक ३ ते ४ मिलिबार भरतो. म्हणजे सकाळी दहाला चालू करून ठेवलेला ड्रोन खळ्यात बसल्या बसल्या चार वाजेपर्यंत २५-३० मीटर 'उडतो'. वादळी हवेत तर विचारूच नका. फवारणीची एक फेरी दहा-पंधरा मिनिटांची, तेव्हा चूक मीटर-दीड मीटरची. कोणी म्हणेल, एवढ्याने काय होते? पिकाच्या शेंड्यावर दोन-तीन मीटरवरून फवारायचे असेल तर एवढ्याने निम्मा हिशेब चुकतो.

उन्हाचा घोटाळा वेगळा. हिशेब १५ अंशांची हवा धरून केलेला असतो. कोकणात ३० अंशांची हवा विरळ, म्हणून आकडा शेकडा पाचाने कमी दिसतो. पडद्यावर ११५ मीटर म्हणजे खरे १२० च्या वर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या विभागाची मर्यादा १२० मीटर (४०० फूट) आहे, हे उडवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

संध्याकाळी तोच ड्रोन वाळूवरून उडवला आणि टेकडीकडे नेला. पडदा सांगतोय ४० मीटर, आणि समोर उतारावरची झाडे अंगावर येतायत! कारण शून्य वाळूवरचे. टेकडी ३० मीटर चढली तर खाली उरले १० मीटर, आणि त्यात झाड. पोराने वेळेवर वर घेतला म्हणून वाचला. डोंगरउताराच्या शेतात हे कायम लक्षात ठेवायला हवे.

मग उपग्रहावरून उंची का घेऊ नये? घेतात, पण उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, म्हणून उंचीतली चूक आडव्या अंतरापेक्षा जास्त येते. शिवाय ती उंची पृथ्वीच्या एका गणिती गोळ्यापासून मोजलेली. आपल्याकडचा समुद्र त्या गोळ्याच्या खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरहून जास्त. श्रीवर्धनच्या वाळूवर उभे राहिलात तर उपग्रहाचा कच्चा आकडा उणे साठच्याही खाली जातो! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या उंच्या मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून; ती नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून १९०९ साली ठरली. तेव्हा उपसा सिंचनाच्या पाइपलाइनची लेव्हल कुणी नुसत्या ड्रोनच्या फोटोवरून काढून देतो म्हणाला, तर उंची कशापासून धरली आणि कोणत्या बेंचमार्कला जोडली, हे आधी विचारा. तिथे दहा मीटरचा फरक म्हणजे पंप बदलायची पाळी.

फवारणीच्या चांगल्या ड्रोनला खालच्या बाजूस रडार असते. ते पिकाच्या शेंड्यापासूनचे अंतर थेट मोजते. दाबाची भानगड नाही. तसे आहे का, आणि चालू आहे का, हे पैसे ठरवण्याआधी बघून घ्यावे. ड्रोन उंच गेला की थेंब वाऱ्याबरोबर शेजारी जातात. उसातले टू-फोर-डी शेजारच्या द्राक्षाला सोसत नाही, आणि मग भांडण बांधावर येते.

ज्यांच्याकडे रडार नाही, त्यांनी एवढे तरी करावे. ड्रोन त्याच रानाच्या बांधावरून उडवावा. चालू केल्यावर पाच मिनिटे सावलीत तापू द्यावा आणि मगच शून्य धरावे. उसाच्या शेंड्यावर तीन मीटर येईल असा फडके बांधलेला वेळू बांधाकडेला उभा करावा, म्हणजे लांबूनही अंदाज येतो. आणि ड्रोन त्याच जागी उतरला की लगेच पडदा बघावा. शून्याऐवजी जो आकडा दिसेल, तेवढी चूक त्या फेरीत साठलेली असते.