सुभग पक्ष्याची पारख

छत्रपती संभाजीनगर-जालना मार्गावरील करमाड परिसरात घनदाट अरण्य नाही. परंतु शेतांच्या बांधांवर बाभूळ, लिंब आणि चिंच ही झाडे उभी आहेत. रानातील काही लहान पक्ष्यांचे वास्तव्य अशा झाडांवरच टिकून असते. सुभग हा त्यांपैकीच एक. शास्त्रीय परिभाषेत त्यास ‘एजिथिना टिफिया’ म्हणतात. हा पक्षी दुर्मीळ नाही. तथापि पानांच्या रंगात मिसळून जात असल्याने तो सहसा लक्षात येत नाही आणि दिसला तरी त्याची ओळख पटविताना गफलत होते.

ओळखीच्या खुणा

सुभग चिमणीहून किंचित लहान, सुमारे 14 सेंटिमीटर लांबीचा असतो. चोच सरळ व टोकदार, पोटाकडील भाग पिवळा आणि पंखांवर दोन ठळक पांढरे पट्टे, या त्याच्या मुख्य खुणा होत. विणीच्या हंगामात नराच्या पाठीकडील भागावर काळा रंग चढतो. मात्र त्याचे प्रमाण सर्व नरांत सारखे नसते. मादी हिरवट-पिवळी असते. हंगाम सरल्यावर नरही मादीसारखाच दिसू लागतो, परंतु त्याची शेपटी काळीच राहते.

आवाज ही त्याची आणखी एक खूण. लांबवलेली गोड शीळ ऐकू आली, की पानांआड सुभग असल्याचे समजावे. विणीच्या काळात नर हवेत उंच झेप घेतो आणि कमरेवरील पांढरी पिसे फुलवून कापसाच्या गोळ्यासारखा खाली उतरतो.

साम्य आणि भेद

शिंपी पक्ष्याचा माथा तांबूस, पोट पांढुरके व शेपटी वर उचललेली असते. चष्मेवाला अवघा 10 सेंटिमीटरचा. त्याच्या डोळ्यांभोवती पांढरे कडे असते आणि तो थव्याने हिंडतो. जांभळ्या सूर्यपक्ष्याच्या मादीचे पोट पिवळसर असले तरी तिची चोच बारीक व वाकडी असते. या तिघांच्याही पंखांवर सुभगासारखे पांढरे पट्टे नसतात.

हिरवट पर्णवटवट्याच्या पंखावर एक बारीक रेघ असते. पण त्याच्या डोळ्यावर फिकट भुवई असून पोट सुभगाप्रमाणे पिवळेजर्द नसते. तो हिवाळी पाहुणा आहे. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये बांधावर दिसलेल्या हिरवट-पिवळ्या पक्ष्याची नोंद पर्णवटवट्या म्हणून करणे चुकीचे ठरेल. सर्वांत अधिक साम्य आहे ते मार्शलच्या सुभगाशी. पश्चिम भारताच्या शुष्क, काटेरी रानात आढळणाऱ्या या जातीच्या शेपटीत पांढरा रंग ठळकपणे दिसतो. म्हणून शेपटी पाहिल्याखेरीज निर्णय करू नये.

शेतकऱ्याचा सोबती

अळ्या, किडे आणि कोळी हे सुभगाचे खाद्य. पानोपानी शोध घेत तो दिवसभर झाडावर वावरतो. दख्खनमध्ये त्याची वीण मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळात होते. फांदीच्या बेचक्यात गवताची लहान वाटी विणून ती कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली असते. घरटे बांधणे आणि अंडी उबविणे या कामांत नर व मादी दोघेही भाग घेतात.

हे घरटे इतके लहान व बेमालूम असते, की शेळ्यांच्या पाल्यासाठी किंवा कुंपणासाठी फांदी तोडणाऱ्यास ते दिसतही नाही. एका घावासरशी अंडी वा पिल्ले मातीत जातात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना हानी पोहोचविणे हे शिकारीतच मोडते. परंतु कायद्यापेक्षाही येथे सावधगिरीचे महत्त्व अधिक आहे. बांधावरील झाडांची छाटणी पावसाळा संपेपर्यंत लांबणीवर टाकली आणि तोडण्यापूर्वी बेचक्यांवर नजर फिरविली, तर पुष्कळ घरटी वाचू शकतील.

शाळांनीही गावातील पक्ष्यांची नोंदवही ठेवावी. नावाबरोबर तारीख, झाड, पंखांवरील पट्टे, शेपटीचा रंग आणि आवाज यांची नोंद व्हावी. शेंद्रा औद्योगिक वसाहतीमुळे या परिसराचे रूप झपाट्याने पालटत आहे. कोणते पक्षी टिकले आणि कोणते निघून गेले, हे उद्या सांगता यावयाचे असेल, तर आजची ओळख अचूक असणे अगत्याचे आहे.