नियम, नजर आणि नियमभंग

छायाचित्राच्या रचनेविषयी नवशिक्याला जे नियम सांगितले जातात, ते संख्येने थोडे व समजण्यास सोपे आहेत. चौकटीचे आडवे आणि उभे तीन समान भाग कल्पावेत व मुख्य विषय त्या रेषांच्या छेदबिंदूपाशी ठेवावा. क्षितिजाने चित्र मधोमध दुभंगू नये. माणसाचा चेहरा दिसावा. धावणाऱ्याच्या पुढे मोकळी जागा सोडावी. कॅमेरा हलू देऊ नये. एका दुपारी हे सारे पाठ होते. यांतील पहिला नियम तर छायाचित्रणाहूनही जुना आहे. जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये ग्रामीण निसर्गदृश्यांवरील आपल्या पुस्तकात त्याला 'तृतीयांशाचा नियम' हे नाव दिले, तेव्हा दागेरच्या शोधाची घोषणा होण्यास अद्याप ४२ वर्षांचा अवकाश होता. स्मिथचा रोख मुख्यतः जमीन, पाणी व आकाश यांच्या परस्पर प्रमाणावर होता. छेदबिंदूंची जाळी पुढच्या लोकांनी त्यावर चढविली.

नियम पाळूनही पुष्कळ चित्रे निर्जीव राहतात आणि नियम मोडलेली काही चित्रे मनात घर करतात, हे कोणाही पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. याचे उत्तर म्हणून 'उपजत प्रतिभा' हा शब्द पुढे केला जातो. हा शब्द सोयीचा आहे, कारण तो उच्चारला की पुढे विचार करण्याची गरज उरत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) या फ्रेंच छायाचित्रकाराविषयी तो फार सढळपणे वापरला गेला. त्यांच्या १९५२ च्या ग्रंथाचे फ्रेंच नाव चोरपावलांनी, घाईघाईने टिपलेल्या चित्रांचे सूचन करते. इंग्रजी आवृत्तीला मात्र 'निर्णायक क्षण' या अर्थाचे नाव मिळाले आणि तेच जगभर रूढ झाले. नावाचा परिणाम असा की, हा मनुष्य केवळ अचूक क्षणाचा शिकारी होता, अशी समजूत पसरली.

वस्तुतः कॅमेरा गांभीर्याने हाती घेण्यापूर्वी ते चित्रकलेचे विद्यार्थी होते. १९२७–२८ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे लोत या घनवादी चित्रकाराच्या कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. लोत हे भूमितीचे कडवे पुरस्कर्ते. जुन्या आचार्यांच्या चित्रांतील कर्णरेषा, त्रिकोण, वजनांचा तोल हे सारे ते विद्यार्थ्यांकडून उकलून घेत. तरुण विद्यार्थ्याला ही शिस्त जाचक वाटली आणि त्याने शाळा सोडली. पण भूमिती त्याला सोडून गेली नाही. पुढे मार्टिन मुन्काची यांचे, टांगानिका सरोवराच्या लाटांत झेपावणाऱ्या तीन मुलांचे छायाचित्र पाहण्यात आले, आणि १९३२ मध्ये हातात लायका कॅमेरा आला. रचना तपासण्यासाठी छायाचित्र उलटे धरून पाहण्याची त्यांना सवय होती. उलट्या चित्रात माणूस व घर हे माणूस व घर राहत नाहीत. उरतात ते काळे-पांढरे आकार आणि त्यांचा तोल. ही सवय ज्याला जडवून घेता येईल त्याने अवश्य घ्यावी. पुस्तकी नियमांपेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

त्याच वर्षी पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे घेतलेले छायाचित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. साचलेल्या पाण्यात आडव्या पडलेल्या शिडीवरून एक मनुष्य पुढे झेप घेत आहे. त्याची टाच पाण्याला आता टेकेल, अद्याप टेकलेली नाही. खाली त्याचे प्रतिबिंब आहे, आणि मागील भिंतीवरच्या जाहिरातीत एक नर्तकी उलट दिशेने झेपावते आहे. हे चित्र कुंपणाच्या फळ्यांमधील फटीतून घेतलेले असून, फट भिंगाला पुरेशी नव्हती, तेव्हा पलीकडचे नीट दिसतही नव्हते, असे स्वतः छायाचित्रकारानेच सांगितले आहे. डाव्या बाजूस आलेली फळी नंतर कापावी लागली. आपले छायाचित्र कोणी कापू नये असा आग्रह धरणाऱ्या या माणसाच्या कामात असे अपवाद फार थोडे आहेत.

म्हणजे नशिबाचा वाटा होताच. पण झेपावणारा माणूस चौकटीच्या उजव्या कडेजवळ आहे आणि त्याचे तोंड त्याच कडेकडे आहे. धावणाऱ्यापुढे जागा सोडण्याचा नियम येथे मोडला आहे. तो पाळून पाहावा. पुढे मोकळी जागा दिली की माणसाला टेकण्यास स्थान मिळते, आणि त्याचबरोबर चित्रातील सारी धाकधूक संपते. नियमभंगाची कसोटी हीच: मोडलेला नियम मनातल्या मनात पुन्हा जोडावा आणि चित्रातून काय हरवते ते पाहावे. काहीच हरवत नसेल, तर तो नियमभंग नसून निष्काळजीपणा होय.

१९४८ मध्ये काश्मीरात, श्रीनगरच्या हरिपर्वताच्या उतारावर घेतलेल्या चित्राला हीच कसोटी लावता येते. त्यात मुसलमान स्त्रिया हिमालयामागून उगवत्या सूर्याकडे तोंड करून प्रार्थना करीत आहेत. त्यांची पाठ आपल्याकडे आहे. एकीने तळवे वर करून हात पसरले आहेत. चेहरे दाखविण्यासाठी कॅमेरा पलीकडे नेला असता, तर पाहणारा त्यांच्या आणि पर्वताच्या मध्ये उभा राहिला असता. येथे तो त्यांच्यामागे उभा राहतो व त्या जिकडे पाहतात तिकडेच पाहतो.

याहून कठीण उदाहरण ३० जानेवारी १९४८ च्या रात्रीचे आहे. त्याच दिवशी, हत्येपूर्वी थोडा वेळ, कार्तिए-ब्रेसाँ गांधीजींना भेटून गेले होते. रात्री बिर्ला भवनापाशी जवाहरलाल नेहरूंनी गांधीजींच्या मृत्यूची वार्ता जमावाला सांगितली. फ्लॅश वापरावयाचा नाही हा या छायाचित्रकाराचा दंडक. उजेड होता तो दिव्यांचा. चित्र पुसट आले आहे. आता या पुसटपणाला कला म्हणावयाचे की अपुऱ्या उजेडाची मर्यादा? प्रामाणिक उत्तर असे की, तो मर्यादेतून आला आणि चित्रात शोभला. फ्लॅशच्या लखलखाटात नेहरूंचा चेहरा स्वच्छ आला असता, पण तो अंधार नाहीसा झाला असता. म्हणून कोणी मुद्दाम कॅमेरा हलवून शोकाचे चित्र काढू लागेल, तर मात्र फसेल.

कार्तिए-ब्रेसाँ यांचाही एक मोठा नियम होता: त्यांचा विश्वास कृष्णधवल छायाचित्रावर होता, रंगांवर नव्हता. रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांनी १९६६ मध्ये जयपूर येथे त्यांना प्रत्यक्ष काम करताना पाहिले. चौकट दाट भरूनही तोल न ढळू देण्याची शिस्त त्यांनी मनःपूर्वक घेतली. रंगांविषयीचे मत मात्र स्वीकारले नाही. भारत रंगांवाचून दाखविता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. आयुष्याच्या अखेरच्या काळात अँबॅसडर मोटारीभोवती त्यांनी एक चित्रमाला रचली. ती २००२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत मोटारीचे दार, काच व आरसा यांनी चौकटीचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्यात रस्त्याचा एक वेगळा भाग चालू असतो.