करमुक्त पगार आणि सप्टेंबरची २९ तारीख

संभाजीनगरच्या मुलानं कॉम्प्युटरची पदवी घेतली की पहिली नोकरी पुण्यात, हे जवळजवळ ठरलेलंच. चिकलठाण्याला एसटीपीआयचं सॉफ्टवेअर पार्क आहे, काही चांगल्या कंपन्या आहेत, शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही उद्योगनगरी उभी राहतेय. पण तिथला जोर कारखान्यांवर आहे, सॉफ्टवेअरवर नाही. मग पुण्यात आठ-दहा वर्षं जातात, फ्लॅटचा हप्ता सुरू होतो, पगारपत्रकातली टीडीएसची ओळ दर महिन्याला डोळ्यांत खुपायला लागते आणि कुणीतरी म्हणतं, "दुबई बघ ना. तिथं टॅक्सच नाही."

मी २०२२ च्या दिवाळीनंतर दुबईला गेलो आणि २०२४ च्या मार्चमध्ये परतलो. तिथलं काम चांगलं होतं आणि सहकारी त्याहून चांगले होते. जाऊ नका, असं सांगायला मी हे लिहीत नाही. पण आपल्याकडं घराघरांत ज्या आकड्यावरून हा निर्णय होतो, तो आकडा फार लहान आहे. माणूस अडतो तो ऑफर लेटरच्या मागच्या पानांवरच्या आकड्यांपाशी.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. भारतात पगारदाराच्या दृष्टीनं कमी कराचं शहर असं काही नाही. प्राप्तिकर केंद्राचा, त्यामुळं संभाजीनगरच्या सिडकोत बसून काम करा की बंगळूरला, दर तोच. राज्याचा म्हणून आपल्याकडं व्यवसाय कर कापला जातो, तो वर्षाला २,५०० रुपये. राज्यघटनेनंच त्याला तेवढी मर्यादा घातली आहे. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशात तो नाही. म्हणजे कराच्या नावावर गुरुग्राम किंवा नोएडा गाठणाऱ्याचे वर्षाला अडीच हजार वाचतील. खरा फरक पडतो तो देश बदलल्यावर, आणि म्हणूनच दुबईचं नाव निघतं.

आता तो फरक कागदावर मांडू. "तीस टक्के सरकार घेऊन जातं" हे वाक्य मी पुण्यात कॅन्टीनमध्ये रोज ऐकायचो. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतरच्या नव्या कररचनेत वार्षिक २४ लाख पगार धरा. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात २३ लाख २५ हजार. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारावर ५ टक्के, मग १०, १५, २० आणि वीस लाखांच्या वरच्या रकमेवर २५. बेरीज होते २,८१,२५०; चार टक्के उपकर धरून २,९२,५००. पगाराच्या सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास. महिन्याला २४ हजार रुपये, दिरहममध्ये साधारण हजार. देश सोडून वाचतो तो एवढाच कर. पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत असेल तर इथंही कर शून्यच आहे, वाचवायला काही नाहीच.

त्या हजार दिरहमांसमोर तिथला खर्च ठेवा. दुबईत घराचं भाडं वर्षाचं ठरतं आणि घरमालकाला पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. कुणी चार घेतो, कुणी दोन, कुणी एकच मागतो. म्हणजे पहिला पगार हातात पडण्याआधीच तीन महिन्यांचं किंवा सहा महिन्यांचं भाडं, वर अनामत, वर एजंटाचं कमिशन. वार्षिक भाड्याच्या ५ टक्के इतकं महापालिकेचं शुल्क वीज-पाण्याच्या बिलातून दर महिन्याला वसूल होतं. २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. नोकरदाराचा आरोग्यविमा कंपनी काढते, पण बायको-मुलांचा काढायची जबाबदारी त्यांचा व्हिसा काढणाऱ्याची, म्हणजे आपली. आणि शाळा. संभाजीनगरात मुलाच्या शाळेची वर्षाची फी जिथं संपते, तिथं दुबईतल्या मध्यम दर्जाच्या भारतीय शाळेची सुरूही होत नाही. मला मिळालेल्या पत्रात यातला एकही आकडा नव्हता. 'करमुक्त' मात्र ठळक अक्षरांत होतं.

आता सप्टेंबरची गोष्ट सांगतो.

कंपनीनं दिलेली रुजू होण्याची तारीख नोव्हेंबरची होती. घरच्यांनाही बरं वाटलं, दिवाळी एकत्र झाली. पुढच्या जुलैत शाळेच्या सुट्टीत आम्ही घरी आलो तेव्हा रिटर्न भरायला समर्थनगरातल्या आमच्या सीएंकडं गेलो. मी इथल्या पगाराचा फॉर्म १६ पुढं केला. त्यांनी तो न उघडता पासपोर्ट मागितला, मुंबई विमानतळाचा शिक्का पाहिला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर टेबलावर घेऊन १ एप्रिलपासून मोजायला सुरुवात केली. एप्रिल, मे, जून अशी पानं उलटत गेली. २९ सप्टेंबरवर त्यांचं बोट थांबलं. "इथं १८२ झाले. तुम्ही त्यानंतर गेलात. या वर्षी तुम्ही निवासीच."

नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला असेल तर कायद्याच्या लेखी तो निवासी असतो, आणि निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथं करपात्र असतं. नोव्हेंबर ते मार्च दुबईत मिळालेला सगळा पगार माझ्या भारतातल्या उत्पन्नात मिळवला गेला. आधीचे सात महिने पुण्याचा पगार होताच, त्यामुळं दुबईचा जवळजवळ प्रत्येक रुपया ३० टक्क्यांच्या थरात पडला. तिकडं कर भरलेला नसल्यानं इथं वजावट मिळायचा प्रश्नच नव्हता. शिवाय तिथली कंपनी टीडीएस कापत नाही, म्हणजे आगाऊ कर मी स्वतः १५ मार्चपर्यंत भरायला हवा होता. त्याचं व्याज वेगळं. पहिल्या पाच महिन्यांत साठवलेल्या पैशाचा मोठा भाग त्या जुलैत गेला.

कर शहरावर ठरत नाही, तो ठरतो कॅलेंडरवर. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण १८२ दिवसांची कसोटी तीच आहे. म्हणून रुजू होण्याची तारीख ही वाटाघाटीची गोष्ट आहे, हे लक्षात ठेवा. एप्रिलपासून इथंच असाल तर २८ सप्टेंबर ही शेवटची रेषा. निघण्याचा दिवस मोजायचा की नाही यावर वाद होतात, म्हणून आठ-दहा दिवस हाताशी ठेवून निघा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जमत नसेल तर एप्रिलमध्ये जा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिथंही एप्रिलमध्येच सुरू होतात, मुलांनाही ते सोयीचं पडतं.

कागदपत्रांना वेळ लागतो, तो याच हिशेबात धरा. अमिरातीला आपली पदवी नुसती दाखवून चालत नाही. मराठवाडा विद्यापीठाचं प्रमाणपत्र आधी राज्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी त्यांच्या दूतावासाकडून साक्षांकित व्हावं लागतं. बायकोचा व्हिसा काढायचा तर विवाह नोंदणीचा दाखलाही त्याच वाटेनं जातो. ऑफर यायची वाट न पाहता हे करून ठेवलं तर निघण्याची तारीख तुमच्या हातात राहते.

दुसरा आकडा 'बेसिक'चा. दुबईत पीएफ नाही, पेन्शन नाही. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. बऱ्याच कंपन्या एकूण पगार फुगवून सांगतात आणि बेसिक लहान ठेवतात, उरलेलं भत्त्यांत. महिन्याच्या शेवटी फरक कळत नाही. तो कळतो नोकरी जाते त्या दिवशी.

दुसऱ्या वर्षी आमचा प्रकल्प गुंडाळला गेला. कुणाशी भांडण नव्हतं, काम संपलं इतकंच. पण तिथं राहण्याचा हक्क नोकरीला बांधलेला असतो, आणि आपल्या व्हिसावर सगळं घर असतं. नोकरी सुटली की व्हिसा रद्द, आणि ठरावीक मुदतीत दुसरं काम किंवा परतीचं तिकीट. घरमालकाकडं पुढच्या तिमाहीचा चेक जमा होता, मुलीची वार्षिक परीक्षा तोंडावर होती. तिथं २०२३ पासून नोकरी जाण्याचा विमा सक्तीचा आहे; तीन महिन्यांपर्यंत बेसिकच्या ६० टक्के मिळतात, पण सलग बारा महिन्यांचे हप्ते भरलेले असावे लागतात. माझं वर्ष भरायचं होतं, दावा बसला नाही. जाणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, पोचल्या आठवड्यात हा विमा काढा. आणि सहा महिन्यांचा खर्च भारतातल्या खात्यात वेगळा ठेवल्याशिवाय कुटुंबाला नेऊ नका.

परतण्याची तारीखही तेवढीच जपावी लागते. मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेला माणूस कायमचा परत येतो तेव्हा १८२ ची सवलत धरून चालता येत नाही. त्या वर्षी इथले एकूण ६० दिवस झाले की तो निवासी ठरू शकतो. माझी नोकरी जानेवारीअखेर संपली, पण सीएंनी फोनवर सगळ्या भेटींचे दिवस मांडले आणि मार्चअखेर यायला सांगितलं. मुलीची परीक्षाही पार पडली.

मध्यंतरी पुण्याचा फ्लॅट भाड्यानं दिला होता. मालक अनिवासी असला की भाडेकरूला तीस टक्क्यांच्या वर कर कापून सरकारजमा करावा लागतो, रक्कम कितीही लहान असो. चांगले भाडेकरू या कटकटीमुळं मागं हटतात. बचत खातं एनआरओ करावं लागतं. ही कामं करायला इथं कुणीतरी लागतं, म्हणून निघण्याआधी भावाच्या किंवा बायकोच्या नावानं मुखत्यारपत्र करा.

आई-बाबांचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो कुठल्याच तक्त्यात बसत नाही. चिकलठाण्याहून दुबईला थेट विमान नाही. रात्री बाबांना दवाखान्यात हलवल्याचा फोन आला तर आधी मुंबई किंवा हैदराबाद, मग पुढचं विमान किंवा समृद्धी महामार्गानं गाडी. सिडकोतल्या घरात नळाला पाणी कधी येणार, टँकर कुणाला सांगायचा, हे सत्तरीच्या माणसानं एकट्यानं किती दिवस निभवायचं, हे घरात बसून, त्यांना विचारून ठरवा. आमच्या बाबांनी "तू जा" एवढंच म्हटलं होतं. त्या पिढीतले सगळे वडील तेवढंच म्हणतात.

मग जायचं का? वाचणारा कर हिशेबातून पूर्ण वगळा. तरीही पगार, काम आणि शिल्लक मिळून ऑफर आवडत असेल तर जरूर जा. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, रुपया घसरला तर तुमचाच फायदा. पण त्या वाचलेल्या हजार दिरहमांशिवाय गणित जमतच नसेल तर ती ऑफर नाकारा.

सही करण्याआधी कंपनीला ई-मेलवर विचारा: बेसिक किती, कुटुंबाचा विमा कोण भरणार, शाळेचा भत्ता आहे का, नोकरी त्यांनी संपवली तर परतीचा खर्च कुणाचा, आणि रुजू होण्याची तारीख पुढंमागं होईल का. उत्तरं लेखीच घ्या, आणि ती घेऊन आधी आपल्या गावातल्या सीएकडं जा.