रिकामा खिसा आणि मटक्याचा आकडा

वस्तीत रक्तदाब तपासताना आम्ही विचारतो, गोळ्या बंद का केल्या? "पैसे नव्हते," असे उत्तर येते. मग घरातली बाई मागे थांबते आणि हळूच सांगते, "सिस्टर, पगार होतो हो, पण आकड्यात जातो." म्हणून आज आरोग्याच्या पानावर जुगाराविषयी बोलू.

मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर आकडा लावला जाई. १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला, त्यावरून 'मटका' हे नाव पडले. गिरणी कामगारांमध्ये तो फोफावला. हातात रोख पगार येई, पण तो पुरत नसे. आज नाक्यावरचा मजूर, कंत्राटी सफाई कामगार यांची गत तीच आहे. कमाई रोजची आणि तुटपुंजी. मुलीची फी, दवाखान्याचे बिल, खोलीची अनामत मात्र एकरकमी लागते. बँक दारात उभे करत नाही, सावकार व्याजात पिळतो. अशा वेळी दहा रुपयांत शेकडो रुपयांची आशा दाखवणारा बुकी जवळचा वाटतो.

आपण हिशेब करू. शून्य ते नऊ असे दहा आकडे, त्यांतला एक लागतो. लागला तर साधारण नऊपट मिळतात. रोज १० रुपये लावले तर १०० दिवसांत १,००० रुपये जातात. सरासरीने दहा वेळा आकडा लागला तरी ९०० च परत येतात. त्याहून मोठे नुकसान पुढे होते. गेलेले भरून काढायला माणूस दहाचे पन्नास लावतो, मग उसने घेतो.

जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. झोप उडते, चिडचिड वाढते, खोटे बोलणे सुरू होते, दागिना गहाण पडतो, मुलांचे दूध बंद होते. "आता जगून काय करू" असे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

शिव्या देऊन व्यसन सुटत नाही. आधी शांतपणे विचारा, कर्ज किती आणि कोणाचे? मग एकरकमी पैशाची दुसरी सोय करा. ओळखीच्या दहा जणींनी दरमहा ५०० रुपयांची भिशी लावली तर पाळी आली की ५,००० हातात येतात. मटक्यात दहांतला एकच आकडा लागतो. भिशीत दहाही जणींची पाळी येते.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी जुगाराला संपत्तीनाशाचे एक कारण म्हटले आहे आणि कमाईचा चौथा भाग अडचणीसाठी राखायला सांगितले आहे. तो राखता येईल इतकी मजुरी तर मिळायला हवी. म्हणून किमान वेतनाची मागणी ही आम्ही आरोग्याचीही मागणी मानतो.